सुराचा सांडवा

पार्सल ऑफिसच्या खिडकीमागच्या साहेबांनी पार्सल उचललं, कानाजवळ नेऊन हलवलं, खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मॅडम, इसका उपयोग क्या है?"

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. हा प्रश्न मला रोज विचारला जातो, बहुधा शेवटच्या बाकावरून, आणि त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: परीक्षेला येतं. इथे ते चालण्यासारखं नव्हतं.

"यातून आवाज निघतो," मी म्हणाले.

"हॉर्न है?"

"नाही."

"अलार्म?"

"नाही. सूर निघतो. पण एकट्यातून नाही, त्याला आणखी तीन-चार वस्तू जोडाव्या लागतात."

"फिर भी, किस काम का?"

खोटं बोलायची मला सवय नाही, आणि सवय नसली की ते ऐन वेळी जमत नाही. "कामाचा नाही," मी म्हणाले. "मला आवडतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, माल बाहर देश से आया है. 'आवडतो' का खाना नहीं है इसमें. उपयोग लिखे बगैर छूटता नहीं."

एव्हाना माझ्या मागची रांग पुढे सरकून माझ्या दोन्ही बाजूंना उभी राहिली होती. गोंदियात रांग ही सरळ रेघ नसते, सल्लागार समिती असते. एक काका म्हणाले, शैक्षणिक लिहा. पण शैक्षणिक म्हटलं की प्राचार्यांचा शिक्का हवा, शिक्का लागला की वस्तू प्रयोगशाळेच्या कपाटात जाते, आणि त्या कपाटातून काहीही बाहेर आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. एक बाई म्हणाल्या, "मेडिकल लिख दो, मेडिकल को कोई नहीं रोकता." शेवटी साहेबांनाच दया आली. त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'गृहोपयोगी वस्तू' असं लिहिलं, शिक्का मारला आणि पार्सल माझ्याकडे ढकललं. मी सही केली. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी मुलांचा अर्धा गुण कापते. त्या दिवशी मी स्वतःचे सगळेच कापायला हवे होते.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे काय, हे मी आजवर पुष्कळांना समजावलं आहे, आणि समजावून झाल्यावर प्रत्येकाने "अच्छा, कीबोर्ड" असं म्हटलं आहे. कीबोर्ड नव्हे. त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्याच नसतात. असते ती एक उथळ लाकडी पेटी आणि तिच्यात शेजारी शेजारी बसवलेली मॉड्यूल्स. प्रत्येकाचं काम एकच. एक सूर काढतं, तो ऑसिलेटर. दुसरं सुरातला कर्कशपणा गाळतं, तो फिल्टर. तिसरं आवाज मोठा-लहान करतं. चौथं स्वतः काही आवाज करत नाही, फक्त इतरांना मागून हळूहळू हलवत राहतं. असं एक माणूस प्रत्येक कुटुंबात असतं. ही मंडळी शेजारी बसली तरी आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत. आपण रंगीत वायर घेऊन एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडून द्यावं लागतं.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या घरी ही पेटी पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर असते. कॉलेजातून आल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, मी तिच्यापुढे थोडा वेळ बसते. एक सूर लावते आणि तो हळूहळू बदलताना ऐकते. त्यातून गाणं होत नाही. त्यातून काहीच होत नाही. घरात माझा म्हणावा असा तेवढाच वेळ, आणि त्याचं रक्षण मी आजवर एकाच उपायाने केलं होतं: घरच्या कोणाला काही न सांगणे.

पण पार्सलावरचा कागद मामाजींच्या हाती लागला. माझे सासरे, भोजराजजी, लिहिलेलं काहीही दिसलं की मोठ्याने वाचतात. भज्यांच्या पुडीचा कागदही ते आधी वाचतात, मग भजी खातात. "गृ-हो-प-यो-गी वस्तू," त्यांनी वाचलं. खात्री करायला पुन्हा वाचलं.

सासूबाई, म्हणजे कुंदाबाई, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घराच्या उपयोगाची होय का?"

"तसं लिहिलं तं आहे," माझा नवरा ओमेश म्हणाला. ओमेश अगदी तटस्थ माणूस आहे. तो फक्त वस्तुस्थिती सांगतो, आणि नेमकी नको तेव्हा.

"मंग घराले कोनचा उपयोग होऊन राहिला तिचा? खिडकीचा टेबल अडवून बसली हाये. माही शिलाई मशीन तिकडं अंधारात. सुईत दोरा ओवता येत नाई मले."

मी गप्प राहिले. शांत माणसाच्या गप्प राहण्याचा एक तोटा असा, की लोक ते उत्तर म्हणून धरत नाहीत, होकार म्हणून धरतात.

"मंडईपर्यंत पाहू," सासूबाई म्हणाल्या. "उपयोगी पडली तं राहील टेबलावर. नाई तं माळ्यावर."

आमच्या माळ्यावर एक पंखा नसलेला कूलर आहे, ओमेशचा पाळणा आहे आणि उंदीर आहेत. तिथे गेलेली वस्तू खाली येत नाही. आली तर उंदरांमार्फत, आणि सुट्या भागांत.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, दुपारी दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य, नाचते, आणि सासरी गेलेल्या, शहरात गेलेल्या सगळ्यांनी त्या दिवशी गावात दिसायचं असतं. माझ्या सासरचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली आहे. यंदाही मंडईच्या समितीने सकाळी महिला मंडळांची भजन स्पर्धा ठेवली होती. सासूबाईंचं फुलचूरला मंडळ आहे. गावातही एक मंडळ आहे, ते निर्मलाबाईंचं. निर्मलाबाई म्हणजे सासूबाईंची गावातच दिलेली नणंद. सासूबाई गावात राहत होत्या तोवर मंडळ एकच होतं. नंतर वाटणी झाली आणि हार्मोनियम निर्मलाबाईंकडे गेली. शेतीच्या वाटणीबद्दल सासूबाई आजही शांतपणे बोलतात. हार्मोनियमबद्दल नाही.

"मोबाईलवर तानपुरा मिळते, आई," ओमेशने सुचवलं.

"मागच्या साली लावला होता ना तुहा मोबाईल! विठ्ठलाचं नाव घेऊन राहिलो अन् मधातच बाई बोलली, 'वधू-वर नोंदणीसाठी एक दाबा.' निर्मला पदर तोंडाले लावून हासत होती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुही पेटी सूर धरते का?"

"धरते," मी म्हणाले.

कोणत्या तापमानाला, हे मी सांगायला हवं होतं. पण तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

तानपुऱ्यासाठी मला तीन ऑसिलेटर हवे होते: एक खर्जाला, एक पंचमाला, एक षड्जाला. एक होता. उरलेले दोन कोणते घ्यावेत? बाजारात दोन जाती मिळतात. एकात आत छोटा संगणक असतो. तो सांगितलेल्या सुरावर खांबासारखा उभा राहतो. दुसरा जुन्या पद्धतीचा, त्याचा सूर उबदार, जिवंत, किंचित हलणारा; पण हवा तापली की तोही तापतो. या छंदातल्या लोकांचा मोबाईलवर एक गट आहे. तिथे मी विचारलं, की भजनाच्या साथीसाठी कोणता घ्यावा. बारा जणांनी उत्तरं दिली, आणि प्रत्येकाने नेमका तोच सुचवला जो त्याला स्वतःला विकून टाकायचा होता. मी जुन्या जातीचेच घेतले, पहिला होता तसे. कारणं मी वहीत शास्त्रीय भाषेत लिहिली होती. खरं कारण असं, की मला तो आवाज आवडतो.

मग कळलं की तीन सूर एकत्र करायला आणखी एक मॉड्यूल लागतं. ते आणलं तर वीजपुरवठा अपुरा पडला. तो वाढवला तर पेटी लहान पडली. मोठी पेटी सुताराकडून करून घेतली, तर तिच्यात रिकामी जागा उरली. आणि मॉड्युलरच्या पेटीतली रिकामी जागा ही निसर्गाला अजिबात मान्य नसलेली गोष्ट आहे. दर खेपेला पार्सल ऑफिसातले साहेब मला लांबूनच पाहून "गृहोपयोगी?" असं विचारत आणि मी मान खाली घालून सही करी.

शेजारची डिंपल एक दिवस पापड परत द्यायला आली आणि टेबलाकडे बघत उभी राहिली. "भाभी, ये तो इन्वर्टर का बोर्ड दिख रहा है. किसने टिकाया आपको? मेरे भाई टिंकू को दिखा दो, वो सब बना देता है."

"बिघडलेलं नाही," मी म्हणाले. "असंच असतं."

"हाय राम," डिंपल म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. त्या दिवसापासून कॉलनीत माझी विचारपूस वाढली.

त्यातच धाकटे दीर उमेंद्र तांदळाचं पोतं घेऊन गावाहून आले. ते शेती बघतात, आणि मंडई समितीचे सचिवही तेच. मी त्या वेळी फिल्टर तपासत होते. पेटीतून एक लांब, घोगरी, वर चढत जाणारी आरोळी निघाली. उमेंद्रभाऊंच्या हातून पोतं खाली पडलं.

"वहिनी! हा आवाज धानात लावून देऊ. रानडुकरं पार कचारगडच्या गुहेत जाऊन बसतील!"

"भाऊजी, हे भजनासाठी आहे."

"भजन सकाळी, डुकरं संध्याकाळी. कायले वाया घालवता?"

माझी परिस्थिती आता स्पष्ट झाली होती. पेटी नापास झाली तर माळा. फार चांगली पास झाली तर बांध. दोन्हींच्या मधोमध, टेबलाच्या रुंदीएवढ्या जागेत, मला ती पास करायची होती.

उमेंद्रभाऊंनी जाता जाता आणखी एक अडचण सांगून ठेवली. मंडईत डीजेला बंदी होती. परवानगी फक्त पारंपरिक वाद्यांना. "हे पारंपरिक होय का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की विजेच्या कंपनांवर आधारलेलं हे तत्त्व शंभर वर्षांहून जुनं आहे. समितीला ते पुरलं नाही. शेवटी समितीतल्याच कोणीतरी तोडगा काढला. पेटीला झेंडूचा हार घालायचा, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. पूजा झालेलं वाद्य पारंपरिक नाही असं म्हणायची कोणाची टाप? त्याप्रमाणे आमच्या पुढच्या खोलीत विधी झाला. फिल्टरच्या मुख्य खुंटीत गेलेलं कुंकू मी अजून टाचणीने काढते आहे.

खरा गोंधळ मात्र मामाजींनी केला, आणि तोही सद्भावनेने.

आमच्या सासरचे लोक पिढ्यान्पिढ्या तलाव बांधत आले. गावचा तलाव मामाजींच्या पणजोबांच्या हातचा. तलावाला चार गोष्टी लागतात: पाणी अडवणारी पाळ, पाणी सोडायचं दार म्हणजे तुडुम, ते शेताकडे नेणारा पाट, आणि जादा पाणी निघून जायला सांडवा. मामाजी जगातली कुठलीही गोष्ट या चार शब्दांत समजून घेतात. बँक, सरकार, स्वतःचं पचन, सगळं. माझी पेटी त्यांना फार लवकर समजली, आणि मलाही आनंद झाला, कारण वायर म्हणजे पाट हे अगदीच चूक नाही. चूक पुढे झाली.

"हे उघडे छेद कायले ठेवले?" त्यांनी विचारलं.

"तिथे काही जोडायचं नाहीये म्हणून."

"अन् गळत नाई?"

"नाही, मामाजी. वीज भोकातून सांडत नाही."

पण ज्या घराण्यात पाळीत खेकड्याचं बीळ दिसलं की जेवण टाकून माती भरायला धावतात, त्या घराण्यातल्या माणसाला उघड्या छिद्रापुढे चैन पडेल कशी? दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पेटीच्या प्रत्येक रिकाम्या भोकात एक एक फुलवात बसवलेली होती. सासूबाईंनी देवासाठी वळून ठेवलेल्या, छान, टोकदार फुलवाती, काडीने आतपर्यंत ठासलेल्या. हार, कुंकू आणि फुलवाती. फक्त पेटवायचं बाकी होतं.

"आता नाई गळत," मामाजी समाधानाने म्हणाले.

प्रयोगशाळेतला चिमटा आणून मी त्या काढत बसले. मामाजी शेजारी बसून प्रत्येक वात निघताना चुकचुकत होते. मग सासूबाई आल्या, ताटलीतला कापूस पाहिला आणि वातींचा हिशेब मला मागितला.

त्या चिमट्यामुळे एक फायदा झाला. मामाजींनी शपथ घेतली, की मी सांगितल्याशिवाय पेटीला हात लावणार नाही. आणि मंडईत माझ्यासोबत पेटीजवळ राखणीला बसायचं कबूल केलं.

सराव उत्तम चालला. मी पेटी अर्धा तास आधी सुरू करून गरम होऊ देत असे, मग काळी चारला, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला, सूर लावत असे, आणि पंखा ठरलेल्या गतीवर ठेवत असे. सूर तासभर केसभरही हलत नव्हता. मी मोजला होता. मंडळातल्या बायांना सासूबाईंनी एकच नियम घालून दिला होता: "जीव गेला तरी चालंल, पेटीचा सूर सोडायचा नाई." ढोलकीवरच्या मंदाबाईंनी सुद्धा ढोलकी पेटीला मिळवून घेतली. एका संध्याकाळी सासूबाई सराव संपवून उठल्या आणि जाता जाता पेटीवरची धूळ त्यांनी पदराने पुसली. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मंडईच्या सकाळी हवा गार होती. मंडप निळ्या ताडपत्रीचा. मी पेटी मंचाच्या कडेला, सावलीत, एका स्टुलावर ठेवली, स्पीकरला जोडली, गरम केली, सूर तपासला. काळी चार. मामाजी शेजारी खुर्ची टाकून हात मांडीखाली घालून बसले. स्वतःच्या हातांवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता.

स्पर्धा वेळेवर सुरू झाली असती तर ही कथा इथेच संपली असती. पण प्रमुख पाहुण्यांची गाडी आली नाही. मग आली, तर त्यांचं भाषण झालं. मग निर्मलाबाईंचं मंडळ बसलं आणि, खरं सांगायचं तर, फार छान गायलं. हार्मोनियमवर स्वतः निर्मलाबाई. शेवटचा सूर सोडताना त्यांनी आमच्या पेटीकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं: "कुंदावहिनीनं सूर सोडून मीटर आनलं वाटते लायनीचं."

आमचं मंडळ बसलं. मी सूर सुरू केला. सासूबाईंनी डोळे मिटले, आणि अभंगाला सुरुवात झाली. दोन ओळी इतक्या सुरेल गेल्या, की परीक्षकांनी, ते निवृत्त संगीत शिक्षक होते, मान डोलावली. मी श्वास सोडला.

तेवढ्यात ताडपत्रीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी सरकत सरकत आली आणि माझ्या पेटीवर स्थिरावली.

पेटीचा पुढचा भाग काळा आहे. काळा पृष्ठभाग उष्णता शोषतो. हे मी दरवर्षी शिकवते, आकृतीसह.

आधी मला वाटलं, बायाच चढल्या. मग लक्षात आलं, पेटी चढते आहे आणि बाया नियम पाळताहेत. तिन्ही ऑसिलेटर एकाच जातीचे असल्यामुळे एकजुटीने चढत होते. त्यांच्यात बेसूरपणा नव्हता, त्यामुळे कोणाला शंकाही येईना. काळी चार मागे पडली. तिच्या वरची पांढरी सहा आली. मंदाबाईंनी चमकून ढोलकीकडे पाहिलं, आणि एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने तिच्या कड्या ओढायला लागल्या. मी बारीक खुंटी धरली. पण सूर एकदम उतरवला तर बाया आपटणार, आणि हळू उतरवला तर ऊन माझ्यापेक्षा वेगाने काम करत होतं. मी पंचम थोडा उतरवला. तो एकटाच खाली राहून घुबडासारखा घुमू लागला. घाबरून मी त्याला परत वर नेला.

सासूबाईंचे डोळे आता उघडे होते आणि माझ्यावर होते. त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. पण सूर त्यांनी सोडला नाही. जीव गेला तरी चालेल, असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि बाया आता त्या अटीच्या अगदी जवळ आल्या होत्या. मागच्या रांगेतली एक बाई खोकली. निर्मलाबाईंचा पदर तोंडाकडे निघाला. मला डोळ्यांसमोर माळा दिसत होता, कूलरच्या शेजारची ती जागा.

"पुष्पा," मामाजी कुजबुजले, "पानी पाळीवरून चाललं."

"थांबा, मामाजी."

"पाळ फुटंल ना वो!"

"मामाजी, शपथ!"

"शपथ फुलवातीची होती," मामाजी म्हणाले, मांडीखालून हात काढला, आणि सगळ्यात जाड वायर, पेटीतून स्पीकरला जाणारी, खसकन उपटली.

मंडपात एकदम शांतता झाली. इतकी, की पाळण्याचा करकर आवाज ऐकू आला.

पुढे जे झालं ते मी शास्त्रीय दृष्ट्या समजावू शकत नाही. वरच्या टोकाला लटकलेल्या सासूबाईंना पायाखाली काहीच नाही असं जाणवलं. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि अभंगाचा पुढचा चरण सरळ खाली, त्यांच्या रोजच्या, देवघरातल्या, साध्या सुरात घेतला. बाकीच्या बाया सुटल्यासारख्या मागून आल्या. ढोलकी आता कुठेच जुळत नव्हती म्हणून मंदाबाईंनी ती बाजूला ठेवून टाळ्या धरल्या. वाद्य नाही, पेटी नाही, सहा बायांचे उघडे आवाज. इतकं मोकळं गाणं मी त्यांच्याकडून सरावात कधी ऐकलं नव्हतं, कारण सरावात पेटी चालू असायची.

परीक्षक बोलायला उठले तेव्हा मी स्टुलाआड वायरी गुंडाळत होते.

"फुलचूरच्या मंडळानं," ते म्हणाले, "जे धाडस केलं ते मी आजवर पाहिलं नाही. सूर हळूहळू वर वर नेला, जीव टांगणीला लावला, आणि ऐन शिखरावर वाद्याचा त्याग केला! अहंकार वर चढतो आणि गळून पडतो, मग फक्त नाम उरतं. या माउलींनी हा अर्थ सुरांतून दाखवला."

सासूबाईंनी नम्रपणे मान खाली घातली. जणू हे सगळं त्यांनी महिनाभर आधी योजलं होतं. पहिल्या नंबराची शाल आणि स्टीलची घागर त्यांनी घेतली, आणि घागर निर्मलाबाईंच्या समोरून, अंमळ हळू चालत, नेली.

थोड्या वेळाने निर्मलाबाई आमच्याकडे आल्या. माझ्याकडेच आल्या. "पुष्पा, पुढच्या साली ही पेटी मले देजो बाई एक दिवस. हार्मोनियमचा भाता फाटून राहिला आमच्या."

मी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "नाई जमत."

"काऊन? एक दिवसाची तं गोष्ट."

"सूनबाईशिवाय कोनाच्या हाताले येत नाई ते. नाजूक काम हाये."

मागे उमेंद्रभाऊ डुकरांचा विषय काढायच्या बेतात उभे होते. सासूबाईंनी वळूनही न पाहता त्यांनाही उत्तर दिलं. "अन् धानातही जात नाई. पूजा झालेलं वाद्य होय."

परतताना आम्ही गाडीत बसलो. घागर सासूबाईंच्या मांडीवर होती, पेटी माझ्या. शेवटी मला राहवलं नाही. निकाल लागला की नाही हे कळणं, हा विद्यार्थ्याचा हक्क आहे.

"मामीजी, पेटी वाजली का बरी?"

"वाजली तवा जीव घेतला तिनं," सासूबाई म्हणाल्या. खिडकीबाहेर पाहिलं. "पन बंद मोठी चांगली झाली."

"मग... टेबलावर?"

"टेबलावर नाई तं कोठं? पुढच्या साली पन बंद करा लागंल ना."

मामाजी पुढच्या सीटवरून म्हणाले, "सांडवा पायजेच. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं, त्यांनी उलट सगळी भोकं बुजवली होती. पण त्या दिवशी मी कोणाचीच चूक दाखवायच्या मनःस्थितीत नव्हते.

शिलाई मशीनचा प्रश्न ओमेशने सोडवला. त्याने आतल्या खोलीत मशीनच्या वर एक दिवा लावून दिला. सुईचं भोक लख्ख दिसू लागलं. हे आधी का सुचलं नाही, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "मला वाटलं, आईला टेबलच पाहिजे." वस्तुस्थिती म्हणून हे बरोबरच होतं.

त्या दिव्याखाली सासूबाईंनी पहिली वस्तू शिवली ती पेटीची खोळ. जुन्या हिरव्या लुगड्याची, काठ बाहेर दिसतील अशी. मामाजींनी ती घालून पाहिली, चारही बाजूंनी फिरून तपासली आणि म्हणाले, "आता कसं. एकही छेद दिसत नाई."

आता कॉलेजातून आल्यावर मी खोळ काढते आणि एक सूर लावते. कोणी विचारत नाही कशासाठी, कारण पेटीचं काम ठरून गेलेलं आहे. वर्षातून एकदा तिने बंद व्हायचं आहे. एरवी ती रिकामीच.

परवा मी असाच सूर लावून बसले होते. संध्याकाळचं ऊन खिडकीतून येत होतं, आणि पेटी थोडी थोडी चढत होती. आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होती. लक्ष देऊन ऐकलं तर मशीनच्या आवाजात सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या, आणि त्याही थोड्या थोड्या चढत होत्या. मला त्यांच्या गळ्याची काळजी वाटली. मी हळूच जाड वायर काढली.

मशीन थांबली.

"काऊन बंद केली?" आतून आवाज आला. "मंडईले लय वेळ हाये अजून."